केमो लागू पडेनाशी झाली तर हळदीतलं कर्क्यूमिन सोबत द्यावं का?

तुमच्या वडिलांचा मोठ्या आतड्याचा कॅन्सर यकृतात पसरलाय, ऑक्सॅलिप्लॅटिनला तो दाद देईना म्हणून आता इरिनोटेकॅन सुरू होणार आहे. सोबत कर्क्यूमिनच्या गोळ्या द्याव्यात का, की आपली सांगलीची हळदच पुरे, असं तुम्ही विचारलंय.

हळद आमटीत खुशाल घाला. गोळ्या मात्र डॉक्टरांना न विचारता देऊ नका. मी सांगलीतच फार्मसीच्या मुलांना शिकवतो, आणि प्रोजेक्टसाठी हा विषय घेऊन कुणी ना कुणी येतंच.

कर्क्यूमिनने केमो पुन्हा लागू पडते असं तुम्ही वाचलं असेल, तर ते अगदीच खोटं नाही. औषधाला सरावलेल्या पेशी आत आलेलं औषध पंपासारख्या प्रथिनांनी बाहेर फेकतात, शिवाय एनएफ-कप्पा-बी हे प्रथिन जागं ठेवून मरण टाळतात. प्रयोगशाळेत प्लेटमध्ये वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशींवर कर्क्यूमिन टाकलं की दोन्ही मंदावतं आणि फाइव्ह-एफयू या केमोच्या औषधाचा परिणाम पुन्हा दिसू लागतो.

गोम मात्रेत आहे. प्लेटमध्ये आपण 10-20 मायक्रोमोलर (द्रवातलं प्रमाण मोजायचं एकक) सहज टाकतो, तेही डीएमएसओ या रासायनिक द्रवात विरघळवून, कारण पाण्यात ते विरघळतच नाही. माणसाला रोज 8 ग्रॅम देऊनही रक्तात सरासरी 2 मायक्रोमोलरच्या आतच सापडलं. आतड्याच्या अस्तराला त्यातलं बरंच मिळतं, यकृतातल्या गाठीला नाही. मार्केट यार्डात कांडी मोडून कितीही गर्द रंग दिसला तरी हळदीत कर्क्यूमिन तीनेक टक्केच, म्हणजे 2 ग्रॅम कर्क्यूमिनसाठी रोज 65 ग्रॅम पूड खावी लागेल!

इंग्लंडमध्ये लेस्टरला केमोसोबत रोज 2 ग्रॅम देऊन पाहिलं, निष्कर्ष 2019 मध्ये आले. रुग्णांना ते झेपलं, आकडेही बरे दिसले. पण रुग्णांची संख्या तीसपेक्षाही कमी, आणि ते पसरलेल्या आजारावर पहिलीच केमो घेणारे. वडिलांची गोष्ट वेगळी.

झाडातून औषध येत नाही असं मुळीच नाही. इरिनोटेकॅनचंच मूळ बघा. कॅम्पटोथेसिन हे द्रव्य 1966 मध्ये मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी एका चिनी झाडातून वेगळं केलं. वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे. तेच द्रव्य साताऱ्याच्या घाटमाथ्यावरच्या नरक्या या झाडात असतं, म्हणून तर तो चोरून तोडला जातो. पण सुरुवातीला ते जवळपास मूळ रूपातच रुग्णांना दिलं तेव्हा लघवीतून रक्त जायला लागलं आणि प्रयोग थांबवावे लागले. रेणूत फेरफार करून इरिनोटेकॅन झालं, अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली 1996 मध्ये. तीस वर्षं गेली! कर्क्यूमिनचं ते काम अजून झालेलं नाही.

आता गोळ्यांच्या बाटलीची मागची बाजू वाचा. बहुतेकींत मिरीतलं पिपरीन असतं, कर्क्यूमिन अंगी लागावं म्हणून. ते यकृतातलं सीवायपी-3ए4 हे एन्झाइम अडवतं, आणि इरिनोटेकॅनचा काही भाग त्याच वाटेने निकामी होतो. वाट अडली तर औषध अंगात जास्त साचून जुलाब वाढू शकतात, पांढऱ्या पेशी आणखी घटू शकतात. अशा गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. मग लिव्हरचा रिपोर्ट बिघडला तर गाठीमुळे की गोळीमुळे, हे डॉक्टरांनी ओळखायचं कसं?

त्यापेक्षा पुढच्या भेटीत गाठीच्या आरएएस, बीआरएएफ (या दोन जनुकांतले बदल) आणि एमएसआय (डीएनए दुरुस्ती बिघडल्याची खूण) या तपासण्या झाल्यात का ते विचारा. आरएएसमध्ये बदल नसेल तर सेटुक्सिमॅब या नेमक्या लक्ष्यावर काम करणाऱ्या औषधाचा विचार होतो, एमएसआय जास्त निघालं तर इम्युनोथेरपीचा. आणि गोळ्या आधीच सुरू केल्या असतील तर बाटली सोबत न्या.