एसडीएसची (सोडियम डोडेसिल सल्फेट, साबणासारखा पदार्थ) सीएमसी, म्हणजे ज्या संहतीला त्याचे रेणू एकत्र येऊन मिसेल नावाचे पुंजके बनवू लागतात ती, मोजताना पृष्ठताणाच्या आलेखात खड्डा का येतो?

बहुधा डोडेकॅनॉल या अल्कोहोलच्या अशुद्धीमुळे. एसडीएस जुनं झालं की जलअपघटनाने थोडं डोडेकॅनॉल सुटतं. ते एसडीएसपेक्षा जास्त पृष्ठक्रियाशील असल्याने पाण्याच्या पृष्ठभागावर जमतं आणि पृष्ठताण अवाजवी खाली खेचतं. सीएमसी ओलांडली की मिसेल तयार होतात, त्यांच्या तेलकट गाभ्यात हे डोडेकॅनॉल शिरतं, पृष्ठभाग मोकळा होतो आणि पृष्ठताण पुन्हा चढतो. हाच तुमचा खड्डा. शुद्ध नमुन्यात वक्र उतरतो आणि सीएमसीनंतर जवळपास सपाट राहतो.

उपाय म्हणजे इथेनॉलमधून पुनःस्फटिकीकरण करा आणि द्रावण त्याच दिवशी वापरा.

फक्त सीएमसीच हवी असेल तर विद्युतवाहकता मोजा, तिला ही अशुद्धी फारशी बाधत नाही. २.८८ ग्रॅम एसडीएसचं १०० मिली द्रावण (१०० मिलिमोलर) करा. २५ अंशांना ठेवलेल्या ५० मिली शुद्ध पाण्यात ते ०.५ मिलीच्या टप्प्याने घाला. साधारण ४.५ मिलीपाशी, म्हणजे ८.२ मिलिमोलरच्या आसपास, वाहकतेच्या आलेखातल्या रेषेचा चढ कमी होतो, कारण मिसेल बरेचसे सोडियम आयन स्वतःजवळ धरून ठेवतात. एका मिसेलमध्ये साठेक रेणू असतात.

आकडा बराच कमी आला तर पाण्यात मीठ आहे का बघा: ०.१ मोलर सोडियम क्लोराइडमध्ये सीएमसी १.५ मिलिमोलरपर्यंत घसरते. आणि केसीएलने (पोटॅशियम क्लोराइड) कॅलिब्रेट केलेला वाहकता मोजायचा सेल नीट धुवा. पोटॅशियम डोडेसिल सल्फेटचा पांढरा साका बसला की पुढची मोजणी वाया.