सगळी काटकसर एकटीच्याच अंगावर

"इतकं बघून-बघून खर्च करते, तरी महिनाअखेरीला हातात काही उरत नाही. आणि वर घरातलेच मला चिकट म्हणतात." थोड्याफार फरकाने हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे सतत येतो. विचारणारी व्यक्ती बहुतेक वेळा घरचा किराणा भरणारी असते, म्हणजे बाई, क्वचित पुरुष. उत्तर एका घराच्या गोष्टीतून देते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि दोन-तीन घरांत घडलेलं एकत्र केलं आहे.

त्या आल्या होत्या झोप लागत नाही म्हणून. वय चाळिशीच्या पुढे, दोघांची नोकरी, दोन शाळकरी मुलं. डोकं सारखं दुखतं, मुलांवर उगाच ओरडलं जातं, मग रात्रभर तेच मनात घोळत राहतं, असं सांगत होत्या. बोलता बोलता त्यांनी पर्समधून बिलांचा एक जुडगा काढला. वर रबरबँड, आत प्रत्येक बिलावर पेनाच्या खुणा. कुठली वस्तू कुठून आणली, कुठे थोडी स्वस्त पडली, कशासाठी किती लांब चालत गेल्या, सगळं त्यात होतं. मला एकेक ओळ दाखवताना त्या कागद हात लांब करून धरत होत्या आणि तरीही डोळे बारीक करत होत्या. ते मी मनात नोंदवून ठेवलं.

पैशाची तक्रार आली की मी आधी एक गोष्ट तपासते: पैसा कोणाच्या हातात आहे? स्वतःच्या पगारावर तिचा हक्क आहे का, खात्यात किती आहे हे तिला ठाऊक आहे का, औषध आणायलाही कोणाची परवानगी लागते का? जिथे एक जण दुसऱ्याकडून पै-पैचा हिशेब मागतो आणि पैसे अडवून धरतो, तिथे प्रश्न बचतीचा नसतो. ती आर्थिक छळवणूक असते, आणि तिथे काटकसरीचा सल्ला देणं म्हणजे त्या माणसाला आणखी एकटं पाडणं. तसंच, मिळकत मुळातच गरजेपेक्षा कमी असेल तर कितीही हात आखडता घेतला तरी पुरत नाही. तिथे मदत किंवा वाढीव मिळकत हाच मार्ग असतो. या घरात दोन्ही नव्हतं. मिळकत बेताची पण नियमित होती, खाती दोघांनाही माहीत होती. तरी भांडणं रोजची, आणि नव्वद टक्के किराण्यावरून.

किराण्यावरूनच का? घरभाडं, हप्ते, फी हे आकडे ठरलेले असतात, महिन्यातून एकदा जातात आणि त्यावर वाद घालून काही होत नाही. किराणा दर चार दिवसांनी समोर येतो आणि तो कमी-जास्त करता येतो. बाकी सगळ्या खर्चांचा राग मग इथे निघतो. शिवाय मिळकत कमी असेल तर हा खर्च खरोखरच मोठा असतो. जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी 1857 मध्ये दाखवून दिलं होतं की कुटुंब जितकं गरीब, तितका त्याच्या खर्चातला अन्नाचा वाटा मोठा. त्यामुळे "किराण्यात कसलं वाचतंय" असं मी कोणाला म्हणत नाही. वाचतं, आणि वाचवायलाही हवं.

बचतीच्या युक्त्या मात्र मी त्यांना सांगितल्या नाहीत. त्या त्यांना तोंडपाठ होत्या. मी म्हटलं, "पुढच्या वेळी मिस्टरांना घेऊन या."

ते आले, जरा नाखुशीनेच. दहा मिनिटं गप्प होते आणि मग एकदम म्हणाले, "मॅडम, दुकानात गेलो की मी उचललेली प्रत्येक वस्तू ही खाली ठेवायला लावते. मुलांसमोर. म्हणून हल्ली मी एकटाच जातो." त्यांनी आणखीही एक सांगितलं, ते बायकोला नवीन होतं. आणलेल्या वस्तूची किंमत ते घरी कमी करून सांगत. त्या त्यांच्याकडे बघतच राहिल्या. रागापेक्षा त्यांना वाईट वाटलं ते याचं, की बिलांचा तो जुडगा आता खोटा ठरला होता.

अशी जोडपी मला नवीन नाहीत. स्कॉट रिक, डेबोरा स्मॉल आणि एली फिंकल या संशोधकांनी 2011 मध्ये यावर अभ्यास प्रसिद्ध केला. खर्च करताना जिवावर येणारी माणसं आणि हात सैल असणारी माणसं एकमेकांकडे ओढली जातात, लग्नही करतात, आणि दोघांच्या स्वभावात जितकं अंतर जास्त तितके पैशावरून खटके जास्त, असं त्यात दिसलं. स्वतःत जे खटकतं त्याच्या उलटं समोरच्यात दिसतं आणि ते आवडतं. संसार सुरू झाला की तेच बोचायला लागतं. हे दोघांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा एकमेकांकडे बघून हसले.

मग मी एक काम दिलं. खर्च लिहायचा नाही, तो लिहून लिहून त्या थकल्या होत्या. फ्रिजच्या दारावर एक कोरा कागद लावायचा, पेन्सिल दोरीने बांधून ठेवायची, आणि घरातून जे काही खाण्याचं फेकलं जाईल ते ज्याने फेकलं त्यानेच लिहायचं. नाव लिहायचं नाही आणि त्यावरून कोणी कोणाला बोलायचं नाही. मुलांनाही हा नियम समजावून सांगायचा.

तो कागद पुढच्या भेटीत माझ्या टेबलावर आला तेव्हा दोन्ही बाजूंनी भरला होता. पिवळी पडलेली पालेभाजी. फाटलेलं दूध. अर्धं सफरचंद, तेही मुलाच्या अक्षरात. बुरशी आलेला ब्रेड. मऊ पडलेल्या बिस्किटांचा आख्खा पुडा. पोरकिडे झालेलं धान्य. मी त्यांना म्हटलं, यातल्या कुठल्या वस्तू 'स्वस्त मिळाल्या' म्हणून जास्त आणल्या होत्या, त्यावर खूण करा. त्यांनी पेन घेतलं आणि करत गेल्या. खुणा संपल्या तेव्हा मोजायची गरज नव्हती. एकावर एक फुकट, मोठं पाकीट, आठवड्याची सवलत: वाचवलेला पैसा बराचसा कचऱ्याच्या डब्यातून बाहेर चालला होता.

हे त्यांच्याच घरात होतं असं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या 2024 च्या अहवालाप्रमाणे 2022 या एका वर्षात जगात सुमारे 105 कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं साधारण 60 टक्के घरांतून. माणशी ते वर्षाला सुमारे 79 किलो होतं. श्रीमंत देशांतच अन्न फेकतात असा समज आहे, पण त्याच अहवालात श्रीमंत आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांमधल्या घरांत माणशी फरक फारच थोडा दिसला. हा आकडा त्यांना सांगितला कारण त्या स्वतःला दोष द्यायला लागल्या होत्या.

खरा प्रश्न पुढे होता. इतकं बघून खर्च करणारी बाई गरजेपेक्षा जास्त का आणते? सवलत हे वरवरचं कारण झालं. मी विचारलं, "फडताळ रिकामं दिसलं की काय वाटतं?" उत्तर नवऱ्याने दिलं. काही वर्षांपूर्वी त्यांची नोकरी गेली होती आणि कित्येक महिने दुसरी मिळाली नव्हती. तेव्हा त्या डबे मोजायच्या. नोकरी परत मिळाली, पण डबे मोजणं थांबलं नाही. भरलेलं फडताळ हा त्यांच्या जिवाचा आधार होता. आणि नवरा मुलांसाठी न विचारता खाऊ आणायचा तोही त्याच काळाच्या आठवणीपोटी. तेव्हा मुलांना नाही म्हणावं लागलं होतं, ते त्याला अजून सलत होतं. एकाच भीतीपोटी एक जण साठवत होती, दुसरा उडवत होता.

माझ्या कामात हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. भीती उघड बोलली गेली की तिच्यासाठी काहीतरी रीतसर करता येतं. वाईट दिवसांसाठी धान्याचा साठा हा कच्चा उपाय आहे, कारण धान्य किडतं. वेगळा ठेवलेला पैसा किडत नाही. दोघांनी ठरवलं की आधी एका महिन्याच्या घरखर्चाएवढी रक्कम वेगळ्या खात्यात जमवायची आणि तोवर सवलतीचा साठा बंद.

वेगळं खातं का, तर वाचलेला पैसा दिसायला हवा. आत्तापर्यंत दर महिन्याला जे थोडंफार वाचत होतं ते त्याच खात्यात राहून दुसऱ्याच कशात तरी विरून जात होतं, आणि त्यांना वाटायचं की काही वाचतच नाही. माणूस मनात पैशाचे वेगवेगळे कप्पे करतो आणि प्रत्येक कप्प्यातला पैसा वेगळ्या नजरेने बघतो, हे रिचर्ड थेलर यांनी मांडलं. त्यांना 2017 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. कप्प्याला नाव दिलं की त्याला हात लावताना माणूस थबकतो. बिल नेहमीपेक्षा कमी आलं की फरक त्याच दिवशी त्या खात्यात टाकायचा, असं ठरलं.

आता चष्म्याचं. मी विचारलं, डोळे कधी तपासले? बऱ्याच वर्षांपूर्वी. नंबर बदललाय हे त्यांना माहीत होतं, पण नवा चष्मा म्हणजे खर्च, म्हणून पुढच्या महिन्यावर ढकलत होत्या. दाढ दुखत होती तीही तशीच. उरलेलं अन्न, कितीही शिळं असो, तेही त्याच खायच्या. हे ऐकून नवरा गप्प झाला. पोटाला चिमटा काढून केलेली ही बचत घरात कोणी मोजलीच नव्हती, आणि त्यांनी बोलूनही दाखवली नव्हती. मी स्पष्टच सांगितलं की शिळ्या अन्नात काही जिवाणू जे विष तयार करतात ते पुन्हा उकळूनही जात नाही. शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवं आणि फ्रिज 5 अंश सेल्सियसच्या खाली हवा. बाहेर राहिलेलं खाऊन आजारी पडणं हा कुठल्याच हिशेबात स्वस्त सौदा नाही. डोळे आणि दाढ त्याच आठवड्यात, हे मी अटच म्हणून घातलं.

नवा चष्मा आल्यावर एक गंमत झाली. त्यांची नेहमीची साबण पावडर पूर्वीच्याच किमतीला मिळत होती, पण पाकिटावरचं वजन कमी झालं होतं. ते बारीक अक्षर त्यांना आजवर दिसलंच नव्हतं. तेव्हापासून त्या किमतीला वजनाने भागून बघतात आणि त्यांना कळलंय की मोठं पाकीट दर वेळी स्वस्त पडतंच असं नाही. आता हा हिशेब मुलगी मोबाईलवर करते आणि आईच्या आधी सांगते.

घरातली बाकीची कामं दोघांनी वाटून घेतली, त्यात खळखळ झालीच. मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये जोडप्यांना वेगवेगळं विचारलं होतं की घरातलं कुठलं काम तुम्ही किती करता. दोघांच्या उत्तरांची बेरीज शंभर टक्क्यांच्या पुढे गेली. कोणी खोटं बोलत नव्हतं. आपण केलेलं आपल्याला आठवतं. म्हणून मी 'कोण जास्त करतं' हा वाद बाजूला ठेवायला सांगितला आणि कामं नावानिशी लिहायला लावली. खरेदीच्या आदल्या दिवशी फ्रिज आणि फडताळ बघून यादी करायची ती नवऱ्याने. लवकर संपवायच्या वस्तू पुढे आणि नव्या मागे लावायच्या त्या मुलाने. केळी, सफरचंद, टोमॅटो पालेभाजीपासून लांब ठेवायचे, कारण त्यांच्यातून सुटणाऱ्या इथिलीन वायूने भाजी लवकर पिवळी पडते. 'बेस्ट बिफोर'ची तारीख चवीची आणि दर्जाची असते, 'यूज बाय'ची सुरक्षिततेची. पहिली उलटली की बघून, वास घेऊन ठरवायचं, दुसरी उलटली की फेकायचं. आणि दोघांना दर महिन्याला एक छोटी रक्कम, जिचा हिशेब कोणी मागायचा नाही. किंमत लपवण्याची सवय या शेवटच्या गोष्टीने सुटली, असं मला वाटतं.

बिल निम्म्यावर वगैरे आलं नाही. जेवढं फेकलं जात होतं, साधारण तेवढं कमी झालं. चार दुकानं पालथी घालणं बंद झालं, त्या वेळात त्या झोपतात. नवरा अजून अधूनमधून यादीबाहेरचं आणतो, त्यांचा चेहरा अजून पडतो, पण आता विषय त्याच दिवशी मिटतो. महिन्याच्या खर्चाएवढी रक्कम अजून पुरी जमलेली नाही, अर्ध्याच्या पुढे गेली आहे. पुढच्या भेटीसाठी गाडीच्या हप्त्याचा विषय नवऱ्याने स्वतःहून काढला आहे.