नव्या वसाहतीत सार्वजनिक दफनभूमी कोण सांभाळायचं?

एक ठोस उदाहरण देतो : न्यूझीलंडमधलं वेलिंग्टन. इंग्लंडहून वसाहतवाले आले १८४० मध्ये, आणि त्याच वर्षीच्या नगर आराखड्यात दफनभूमीची जागाही राखून ठेवली होती. आज तिला बोल्टन स्ट्रीट सिमेटरी म्हणतात.

खरा वाद कारभाराचा. ही जागा सगळ्यांची, असं म्हणणं होतं. पण अँग्लिकन चर्चने, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चने, आपल्या पद्धतीने विधी करून ती पवित्र केली, तर इतर पंथीयांनी आपली माणसं कुठे पुरायची? शेवटी वाटण्या झाल्या. एक भाग अँग्लिकनांचा, एक ज्यूंचा, आणि उरलेला ‘सार्वजनिक’, म्हणजे प्रत्यक्षात बाकीच्या प्रॉटेस्टंटांचा. कॅथलिकांनी माउंट स्ट्रीटवर वेगळी जागा घेतली. मेल्यावरही वाडे वेगळे, आपल्याकडच्यासारखंच! रोजचं काम कबरी खोदणाऱ्या राखणदाराकडे असायचं. त्याचं लाकडी घर अजून उभं आहे.

गाव वाढलं, घरं दफनभूमीला येऊन भिडली. मग १८९१ मध्ये शहराबाहेर करोरीला नवी दफनभूमी उघडली आणि पुढच्याच वर्षी जुनी बंद झाली. अपवाद फक्त ज्यांचे कौटुंबिक प्लॉट आधीपासून होते त्यांचा. आठ तासांच्या कामाच्या दिवसासाठी लढलेला सुतार सॅम्युअल पार्नेल या जुन्या दफनभूमीतच आहे, १८९० पासून.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस या जुन्या दफनभूमीच्या मधूनच मोटरवे काढला. सुमारे ३,७०० जणांचे अवशेष उकरून एका सामायिक तळघरात ठेवले.