बूस्टर उघडण्याआधी पाईप फुंकून बघा

मिस्त्रीकाकांना विचारा : जुन्या छोट्या गाड्यांचे ब्रेक

प्रश्न : काका, माझ्या वडिलांनी १९९६ साली घेतलेली मारुती झेन सहा वर्षं वाड्यात उभी होती. वडील गेले, आणि ती विकायचा माझा जीव होत नाही. दिवाळीत नवी बॅटरी घालून चालू केली. इंजिन छान लागलं, पण ब्रेकचं पॅडल दगडासारखं कडक. दाबलं की डॅशखाली 'सूंऽऽ' असा आवाज येतो आणि इंजिन थरथरतं. ब्रेक ऑइलही दर पंधरा दिवसांनी खाली जातं, पण चाकांजवळ किंवा फरशीवर थेंब दिसत नाही. इथले एक मेकॅनिक म्हणतात, बूस्टर (ब्रेकला पायाच्या जोडीनं जोर देणारा डबा) फोडून आत ट्रकच्या ट्यूबचं रबर बसवून देतो, आठशे रुपयांत होईल. बसवू का?
— एक वाचक, सेलू (जि. परभणी)

उत्तर : ताई, ट्यूबचं रबर बसवू नका. बाकी सगळं नंतर, आधी हे.

मी हे ऐकीव सांगत नाही. पंचवीसेक वर्षांपूर्वी जालन्यात माझ्याच गॅरेजमध्ये मी एका जुन्या पेट्रोल गाडीच्या बूस्टरला ट्यूब कापून बसवली होती. गिऱ्हाईक घाईत होतं, सुटा भाग मिळत नव्हता, आणि गावात फिरवून बघितली तर ब्रेक लोण्यासारखे लागले. चौथ्या दिवशी तो माणूस कन्नडहून चाळीसगावकडे औट्रम घाट उतरत होता, मागे बायको आणि दोन लेकरं. निम्म्या घाटात रबर फाटलं आणि पॅडल एकदम कडक झालं. त्यानं गिअर कमी केला, हँडब्रेक ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूला घासत थांबवली. कुणाला लागलं नाही. परत आल्यावर तो मला एक शब्द बोलला नाही, नुसता गाडीजवळ उभा राहिला. त्या दिवसापासून नेमक्या मापाच्या, बूस्टरसाठीच घडवलेल्या पडद्याशिवाय दुसरं रबर मी कुठल्याच बूस्टरमध्ये घातलेलं नाही.

ट्यूब का चालत नाही ते समजून घ्या. बूस्टर म्हणजे पत्र्याचा गोल डबा. त्याच्या मधोमध रबरी पडदा असतो, त्याला डायफ्राम म्हणतात. इंजिन चालू असलं की मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनात हवा जायची नळी, पाईपमधून पडद्याच्या दोन्ही बाजूंची हवा ओढून घेतं. तुम्ही पॅडल दाबलं की आतला व्हॉल्व्ह मागच्या बाजूला बाहेरची हवा सोडतो. पुढं ओढ (व्हॅक्युम) आणि मागं हवेचा दाब, म्हणून पडदा पुढं सरकतो आणि तुमच्या पायाच्या जोडीनं मास्टर सिलेंडर, म्हणजे चाकांकडं ब्रेक ऑइल लोटणारा पंप, ढकलतो. सहा इंच व्यासाचा पडदा धरला तर त्याचं क्षेत्रफळ सुमारे १८२ चौरस सेंटिमीटर. चौरस सेंटिमीटरला ०.६ किलोचा फरक मिळाला तरी ११० किलोच्या आसपास जोर झाला. एवढा जोर घेऊन पडदा पुढं-मागं जातो तो ताणला जाऊन नाही, त्याची घडी उलगडते म्हणून. डायफ्राम तसा साच्यातच घडवलेला असतो आणि त्याच्या काठाला डब्यात घट्ट बसणारी कड असते. ट्यूबचा तुकडा सपाट असतो. तो प्रत्येक ब्रेकला ताणला जातो आणि एके दिवशी फाटतो.

आता तुमची गाडी. खर्च करण्याआधी तीन गोष्टी घरीच बघा, मैदानात, गाडी उभी ठेवून.

इंजिन बंद ठेवून पॅडल चार-पाच वेळा दाबा, म्हणजे डब्यातली उरलीसुरली ओढ संपेल. मग पाय दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पॅडल पायाखाली थोडं खाली गेलं तर बूस्टर काम करतोय. जागचं हललं नाही, तर ओढ पोचत नाही किंवा टिकत नाही. मग एक-दोन मिनिटं इंजिन चालवून बंद करा आणि थोड्या थोड्या अंतरानं तीनदा दाबा. पहिल्यांदा खोल, दुसऱ्यांदा त्याहून वर, तिसऱ्यांदा आणखी वर असं गेलं तर डबा हवा धरतो. शेवटची, इंजिन चालू असताना पॅडल दाबून धरा, तसंच धरून इंजिन बंद करा आणि अर्धा मिनिट थांबा. पॅडल वर उचललं जायला लागलं तर आत गळती आहे.

तुम्ही लिहिलेल्या खुणा, म्हणजे आवाज आणि थरथर, आतला पडदा किंवा व्हॉल्व्ह फाटल्याकडे बोट दाखवतात. डब्यातून चोरटी हवा इंजिनात जाते, पेट्रोल आणि हवेचं मिश्रण पातळ होतं, म्हणून इंजिन थरथरतं. तरीही दहा मिनिटं पाईपला द्या. मॅनिफोल्डपासून बूस्टरपर्यंतचा जाड रबरी पाईप काढा. सहा उन्हाळे उभी राहिलेली गाडी, आपल्याकडं मे महिन्यात ४२-४३ अंश, त्यात वाड्यातले उंदीर. क्लिपपाशी पाईप वाकवून बघा, चिरा दिसतील. पाईपातच किंवा बूस्टरच्या तोंडाशी एकाच बाजूनं हवा जाऊ देणारा छोटा व्हॉल्व्ह असतो. तो काढून तोंडानं फुंका. बूस्टरच्या बाजूनं फुंकलं तर हवा गेली पाहिजे, इंजिनाच्या बाजूनं अजिबात नाही. बूस्टर गेला म्हणून माझ्याकडं आलेल्या कितीतरी गाड्यांचा दोष या व्हॉल्व्हमध्ये नाहीतर पाईपात निघालाय. पाईप बदलताना पाण्याचा किंवा पेट्रोलचा साधा पाईप लावू नका. ओढ लागली की तो चपटा होतो. व्हॅक्युमसाठीचा, आत दोऱ्याची वीण असलेलाच घ्या.

ऑइलचं मात्र मला जास्त काळजीचं वाटतं. बाहेर थेंब नाही आणि ऑइल कमी होतंय, म्हणजे मास्टर सिलेंडरच्या मागच्या टोकाचं रबर गेलंय आणि ऑइल बूस्टरच्या पोटात उतरतंय. तिथून ते ओढीबरोबर इंजिनात जाऊन जळतं. सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो का ते बघा. मास्टर सिलेंडरचे नट सोडून तो थोडा पुढं ओढा, धातूचे पाईप न मोडता, आणि मागं पांढरं फडकं फिरवा. ओलं झालं तर खात्री झाली. मग बूस्टर नवा घातला आणि मास्टरचं किट, म्हणजे त्याच्या आतली रबरं, तशीच ठेवली, तर काही महिन्यांत ऑइल पुन्हा आत उतरेल. दोन्ही कामं एकत्रच करा. किट बसवताना सिलेंडरच्या आत नखाला लागेल अशी खाच असेल तर किटचे पैसे वाया जातात, मास्टरच बदला. आणि ही रबरं पेट्रोल, डिझेल किंवा रॉकेलनं धुऊ देऊ नका. ती फुगतात. स्पिरिट नाहीतर नवं ब्रेक ऑइल वापरा. ग्रीसही डब्यातलं साधं नको, ब्रेकच्या रबरासाठीचं.

बूस्टर दुरुस्त होतो का? होतो, पण सगळे नाही. ज्यांची दोन झाकणं फिरवून अडकवलेली असतात ते प्रेस आणि पकड असलेल्या दुकानात उघडता येतात. आधी दोन्ही झाकणांवर खूण करायची, कारण आत जाड स्प्रिंग दबलेली असते. छिन्नीनं उघडणाऱ्याच्या तोंडावर ती येते, आणि एकाची भुवई मी फुटलेली पाहिलीय. ज्यांची कड दाबून कायमची बंद केलेली असते ते उघडायचे नाहीत, बदलायचे. तुमच्या मेकॅनिकनं 'फोडून' हा शब्द वापरला, त्यावरून मला त्यांच्या पद्धतीची भीती वाटते. भंगारातून जुना घेणार असाल तर व्हॅक्युमच्या हातपंपानं ओढ देऊन पाच मिनिटं काटा स्थिर राहतो का ते बघूनच पैसे द्या.

बसवताना दोन चुका नेहमी होतात. बूस्टरचा मास्टरला ढकलणारा पुढचा दांडा उपसून बघायची सवय असते, आणि त्याच्यामागची छोटी रबरी चकती, रिअ‍ॅक्शन डिस्क, आत पडून जाते. मग पॅडलला बोट लावलं तरी ब्रेक झटक्यानं धरतात. दुसरी चूक दांड्याच्या लांबीची. दांडा आणि मास्टरचा पिस्टन यांच्यात थोडी फट राहिलीच पाहिजे. नाही राहिली तर ऑइल मागं टाकीत परतत नाही, पाच-सहा किलोमीटरनंतर चाकं तापतात आणि ब्रेक जाम होतात. काम झाल्यावर सेलूहून मानवतपर्यंत सावकाश जा, उतरून चारही चाकांना हात लावून बघा, आणि मगच घाटाचा विचार करा.

एवढा खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त वाटेल. वडिलांची गाडी आहे, तर मी करेन.

प्रश्न : माझ्याकडं १९७१ ची फियाट ११०० डी आहे. चारही चाकांना ड्रम. भंगारातला बूस्टर बसवून ब्रेक हलके करावेत का?
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : नको, दादा. ड्रममध्ये चाकाच्या फिरण्याच्या दिशेनं असलेला शू (ड्रमला आतून घासणारी ब्रेकची पट्टी) ड्रमबरोबर ओढला जाऊन आपोआप जास्त दाबला जातो. म्हणून त्या काळी बूस्टरशिवाय भागत होतं. त्यावर बूस्टर चढवला तर ओल्या रस्त्यावर चाकं चटकन लॉक होतील. तुमचं पॅडल जड असेल तर शू घासून काचेसारखे झालेत का, ड्रम अंडाकृती झालाय का, व्हील सिलेंडरचे पिस्टन गंजून अडकलेत का, ते बघा. शू ड्रमच्या गोलाईला नीट घासून बसवले की निम्मा जडपणा जातो.

आणखी एक. तुमची गाडी पन्नाशी ओलांडून गेलीय. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे तिची व्हिंटेज म्हणून नोंद होऊ शकते, आधीच नोंद असलेल्या गाडीचा जुना नंबर तसाच राहतो, 'व्हीए' अक्षरांची पाटी नव्यानं नोंदणाऱ्या गाडीला मिळते, आणि नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. मात्र तशी नोंद केली की रोजच्या बाजारहाटाला गाडी काढता येत नाही. चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल नको अशी अट आहे. बूस्टरचं त्यात नाव नाही, पण फायरवॉलला (इंजिन आणि बसायची जागा यांच्या मधल्या पत्र्याला) नवी भोकं पाडलेली फियाट मला बघवत नाही.

प्रश्न : माझ्या प्रीमियर पद्मिनी गाडीला डिझेल इंजिन आहे. बूस्टर नवा बसवला, पाईपही नवा, तरी पॅडल कडकच.
— एक वाचक, हिंगोली

उत्तर : डिझेल इंजिनात पेट्रोलसारखा हवा अडवणारा थ्रॉटल नसतो, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये ओढ तयारच होत नाही. तिथं पाईप जोडून काही मिळणार नाही. वेगळा व्हॅक्युम पंप लागतो, तो बऱ्याचदा बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरच्या पाठीला असतो. इंजिन मागाहून बदललेलं असेल तर आरसीवर त्याची नोंद आहे ना, तेही बघून घ्या. आणि पंप अल्टरनेटरवर असेल तर चालत्या गाडीत बॅटरीचा लाल दिवा लागला की चार्जिंग गेलं एवढंच समजू नका. अल्टरनेटर फिरवणारा पट्टा तुटला असेल तर पंपही थांबलाय. दोन-तीन दाबांनंतर पॅडल कडक होणार, तेव्हा पहिल्याच दाबात गाडी कडेला घ्या.