बडोद्याहून दीव: वाटेत काय खावं, बेटावर काय मागावं

प्रश्न: डिसेंबरात गाडीने दीवला जायचं ठरलंय. बरोबर सासूबाई आणि सहा वर्षांचा मुलगा आहे. नाश्ता आणि जेवण कुठे करावं? (दांडिया बाजारातून एक वाचक)

उत्तर: बोरसद, तारापूर, वटामण, भावनगर, तळाजा, महुवा, उना असा रस्ता धरा. अंतर सुमारे 400 किलोमीटर, थांबे धरून नऊ-दहा तास लागतात. पहाटे साडेपाचला निघालात तर साडेसातच्या सुमारास वटामण चोकडीला (चौफुलीला) पोचाल. चहा, बिस्किटं, मुलाचं दूध, स्वच्छतागृह, सगळं इथेच उरकून घ्या. पुढे भाल लागतं. सपाट, खारी जमीन, वस्ती विरळ, आणि भावनगर येईपर्यंत धड हॉटेलं फारच थोडी. पाणी घरूनच भरून न्या. त्या पट्ट्यातलं पाणी खारट असतं आणि चहालाही तीच चव येते.

खरा नाश्ता भावनगरला करा. वणेला गाठिया मागा आणि तो तुमच्यासमोर कढईतून निघत असेल तिथेच थांबा. बेसन, पापडखार, ओवा आणि तेलाचं मोहन घालून मळलेलं पीठ पाटावर तळहाताने वळत थेट तेलात सोडतात. गरम असताना तो आतून पोकळ आणि मऊ लागतो, तासाभराने चिवट होतो. बरोबर कच्च्या पपईचा संभारो (परतलेली कोशिंबीर) आणि तळलेली मिरची येते. पापडखारामुळे रिकाम्या पोटी जास्त खाल्ला तर वयस्कर माणसाला जळजळ होते. सासूबाईंना थोडाच द्या, वर ताक द्या.

दुपारचं जेवण तळाजा-महुवाच्या दरम्यान काठियावाडी ढाब्यावर घ्या. सेव-टमेटा, रिंगणाचा ओळो (वांग्याचं भरीत), बाजरीचा रोटला (भाकरी), लोणी, गूळ, छास (ताक). रोटला जड असतो, मोठ्या माणसाला एक पुरतो, मुलाला अर्धा. ऑर्डर देतानाच ‘तीखुं ओछुं’ (तिखट कमी) सांगा, कारण लसणाची चटणी एकदा भाजीत पडली की मग काही करता येत नाही. महुव्याला शहाळी घ्या, तो नारळाचाच मुलूख आहे.

प्रश्न: दीवला मासे खाल्ले पण निराशा झाली. लाल रंगाची जाड ग्रेव्ही, मासा कोणता तेही कळेना. चुकतं कुठे? (रावपुऱ्यातून)

उत्तर: चुकतं मेनूकार्ड पाहून मागवण्यात. दीवला येणारे बहुतेक पर्यटक गुजरातमधले, त्यातले पुष्कळ शाकाहारी. त्यामुळे बऱ्याच हॉटेलांचं स्वयंपाकघर पनीर आणि पंजाबी ग्रेव्हीवर चालतं आणि मासाही त्याच ग्रेव्हीत पडतो. आधी विचारा, ‘आज काय आलंय?’ मासा ताटलीत आणून दाखवायला सांगा, दाखवत नसतील तर डाळ-भात खा. कल्ले लालभडक हवेत, डोळे फुगीर आणि चकचकीत, बोट दाबलं तर खड्डा भरून यायला हवा. कोळंबीचं डोकं धडाला घट्ट असावं. काळं पडून लोंबत असेल तर ती जुनी.

याहून चांगला मार्ग म्हणजे सकाळी दीव गावातल्या मासळी बाजारातून स्वतः मासा घ्या आणि हॉटेलवाल्याला करायला द्या. काही हॉटेलं मजुरी घेऊन करून देतात, पण दर आधी ठरवा आणि जेवणाआधी किमान दोन तास सांगून ठेवा. चौघांना किलोभर सुरमईच्या तुकड्या डाळ-भाताबरोबर पुरतात. कोळंबी सोलल्यावर जेमतेम निम्मी उरते, त्या हिशेबाने घ्या. आचाऱ्याला स्पष्ट सांगा: हळद, मीठ, लिंबू, लसूण-मिरचीचं वाटण, वर रवा, आणि तवा. कॉर्नफ्लोअर नको, रंग नको. सुरमईच्या तुकड्या अर्ध्या इंचाच्या कापायला सांगा. जाड ठेवल्या तर बाहेरून करपतात आणि काट्याजवळ कच्च्या राहतात. तंदुरीला पापलेटच बरं, चिरा देऊन. सुरमई तंदुरात कोरडी पडते. कोळंबी तीन-चार मिनिटांत होते, पुढे रबर.

1 जून ते 31 जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, गुजरातमध्ये अलीकडे ती ऑगस्टच्या मध्यापर्यंत लांबते. त्या दिवसांत ताज्याच्या नावाखाली बहुधा बर्फातलंच येतं.

प्रश्न: बेटावर फिरताना खाण्यापिण्याचा क्रम कसा लावावा? (मांजलपूरहून)

उत्तर: गावापासून पश्चिम टोकाच्या वणाकबाऱ्यापर्यंत सगळं बेट तेरा-चौदा किलोमीटरचं, त्यामुळे भूक लागली म्हणून मिळेल तिथे बसायची गरजच नाही. सकाळी लवकर वणाकबारा बघा. बोटींचा धक्का आणि वाळत घातलेली मासळी बघण्यासारखी आहे, पण पर्यटकांसाठी हॉटेलं जवळजवळ नाहीत. पोटभर नाश्ता करूनच निघा. परतताना नागवा किनाऱ्यावर शहाळं प्या. जेवणाला मात्र गावात या, किनाऱ्यावरच्या टपऱ्यांवर त्याच पदार्थाला पैसे जास्त पडतात. दुपारनंतर किनारी रस्त्याने गंगेश्वराचं देऊळ, जालंधर किनारा आणि खुकरी या बुडालेल्या युद्धनौकेचं स्मारक करून बंदर चौकात या आणि राम विजयमध्ये घरचं आईस्क्रीम खा. वाटेत होक्याची, म्हणजे दुभंगलेल्या खोडाच्या ताडाची, झाडं दिसतील. त्याचं फळ कुणी दिलं तर वरचा धागेदार गर दातांनी खरवडून खाऊन बघा, आतलं बी फोडायच्या भानगडीत पडू नका.

दिवाळीत आणि 25 ते 31 डिसेंबरला जेवायला रांगा लागतात. बारा वाजताच बसा.

प्रश्न: दीवला दारूबंदी नाही. एखादी बाटली गाडीतून घरी आणली तर? (अलकापुरीतून)

उत्तर: आणू नका. सीलबंद असली, एकच असली तरी परमिटशिवाय गुजरातच्या हद्दीत दारू बाळगणं गुन्हा आहे, आणि तडच्या चेकपोस्टला किंवा घोघल्याच्या बाजूने निघताना डिकी उघडायला लावतात. पिऊन गुजरातमध्ये शिरणंही तितकंच अंगाशी येतं. रक्तात 100 मिलिलिटरला 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असलेला चालक तर देशात कुठेही दोषी. ज्याला घ्यायची त्याने मुक्कामी, रात्री, गाडीची चावी दुसऱ्याकडे देऊन घ्यावी, आणि परतीचा चालक आदल्या दिवशीच ठरवावा.

प्रश्न: मासे घरी आणता येतील का? (वाडीहून)

उत्तर: येतील. निघायच्या सकाळीच घ्या. पोट आणि कल्ले काढून घ्या, पण तुकडे करू नका, अख्खा मासा जास्त टिकतो. कोळंबीची डोकी काढा, काळेपणा तिथूनच सुरू होतो. थर्माकोलच्या पेटीत माशाच्या वजनाइतका फोडलेला बर्फ थर देत घाला, उन्हाळ्यात दीडपट. पेटीच्या तळाला भोक पाडून खाली परात ठेवा. वितळलेल्या पाण्यात बुडालेला मासा बेचव आणि बुळबुळीत होतो. भावनगरला थांबाल तेव्हा परात रिकामी करून वरून नवा बर्फ घाला.