उसाने भरलेली ट्रॉली रात्री रस्त्यात बंद पडली आणि मदतीला लोक थांबले, तर कोणाला काय करायला सांगावं?

तुमच्या प्रश्नावरून समजलं ते असं: ट्रॅक्टरला दोन भरलेल्या ट्रॉल्या, मागच्या ट्रॉलीचं डावं चाक गेलंय, अंधार आहे, दोघं-तिघं अनोळखी थांबलेत आणि मदतीचे पैसे द्यायचे का, हेही विचारलंय. सांगली-कोल्हापूर पट्ट्यात हंगामात माणसं थांबतातच, तो प्रश्न नाही. पण थांबलेला प्रत्येक जण थेट चाकाजवळ येऊन उकिडवा बसतो आणि मागून येणाऱ्या गाड्यांकडे कोणाचंच लक्ष राहत नाही.

म्हणून पहिल्या माणसाच्या हातात टॉर्च द्या आणि त्याला शंभर पावलं मागे पाठवा, वळण असेल तर मागून येणाऱ्याला वळणाआधीच दिसेल असं. मागे लोंबणाऱ्या उसाने रिफ्लेक्टर आणि लाइट झाकले जातात. उभी ट्रॉली दुचाकीवाल्याला दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. धोक्याचा चमकणारा त्रिकोण असेल तर तोही मागेच, ट्रॉलीला टेकवून नको. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर 1033 ला फोन करा, कोणाला लागलं असेल तर 108.

दुसरा मोटारसायकलवाला असेल तर त्याला थांबवून ठेवा, मिस्त्री किंवा बेअरिंग आणायला तोच लागणार आहे. कारखान्याच्या चिटबॉयला (तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या माणसाला) किंवा कारखान्याच्या गट ऑफिसला कळवलं तर जवळची रिकामी ट्रॉली कुठे आहे ते समजतं. ऊस रस्त्यात वाळला की वजन तुमचंच घटतं.

आता चाक. पंक्चर आहे की बेअरिंग, हे आधी ठरवा. हबजवळ, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाजवळ, हाताची मागची बाजू न्या, टेकवू नका. चटका येत असेल, जळक्या ग्रीसचा वास असेल किंवा चाक तिरकं बसलं असेल तर बेअरिंग गेलंय. तापलेल्या हबवर पाणी ओतायला कोणीतरी घागर घेऊन येईलच, प्रेमाने नको म्हणा. गरम लोखंड एकदम थंड झालं तर तडकू शकतं आणि पाणी ग्रीसमध्ये शिरतं.

जॅक लावण्याआधी मागची ट्रॉली सोडायची, पण हुकची पिन काढण्याआधी तिच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. ट्रॉली दोन चाकी असेल तर दांड्याखाली ठोकळा हवाच. भार मागे असेल तर पिन निघताच दांडा वर उडतो, पुढे असेल तर पायावर येतो. चाक जमिनीवर असतानाच चाकाचे नट अर्धा फेरा सैल करा. बॉटल जॅक वीस टनी घ्या. जॅक सहसा फसत नाही, फसते ती साइडपट्टी. काळ्या मातीत जॅकचं बूड कलंडतं, म्हणून खाली फूटभर रुंद आणि दोन इंच जाड फळी ठेवा. जॅकचं तोंड अॅक्सलला, पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) जवळ. ऊस उताराच्या बाजूला झुकलेला असतो, त्या बाजूला कोणालाही उभं राहू देऊ नका. ट्रॉली उचलली की अॅक्सलखाली स्टेपनी आडवी सरकवा, जॅक सुटला तरी माणूस खाली अडकत नाही. तिरकी झाली असेल तर खालच्या बाजूचा ऊस आधी उतरवा. त्याला वेळ लागतो, पण थांबलेल्या माणसांचा खरा उपयोग तिथेच आहे.

बेअरिंग बदलायचं असेल तर जुन्या कड्यावरचा नंबर वाचून त्या मोटारसायकलवाल्याला लिहून द्या. 30211 असेल तर शेवटच्या 11 ला पाचाने गुणा, म्हणजे आतलं भोक 55 मिलिमीटर. नंबर झिजला असेल तर जुनं कडंच सोबत द्या. आतलं आणि बाहेरचं, दोन्ही बेअरिंगं आणि ऑइल सील मागवा, एकच बदललेलं टिकत नाही. हब आतून कोरडं पुसा आणि ग्रीस रोलरमध्ये तळहाताने दाबून भरा. अॅक्सलच्या टोकाचा मधला नट चाक फिरवत आवळा, चाक जड झालं की एक खाच मागे घ्या आणि नवी स्प्लिट पिन घाला. घट्ट सोडलं तर तेच बेअरिंग पुन्हा जळेल, सैल राहिलं तर चाक हलत राहील. हुकची पिन वाकलेली दिसली तर बदला, सळईचा तुकडा घालून निघू नका.

पैशांबद्दल विचारलंय. मिस्त्रीची मजुरी द्याच. वाटेवरचा ट्रॅक्टरवाला जॅक देतो तेव्हा पैसे काढू नका, त्याला ते आवडत नाही. पण त्याचाही कारखान्याच्या वजनकाट्यावर नंबर लागलेला असतो, म्हणून त्याला थांबवून ठेवण्यापेक्षा जॅक कुठे परत पोचवायचा ते विचारा. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला जबाबासाठी किंवा नावासाठी सक्ती करता येत नाही, अशी तरतूद 2019 च्या मोटार वाहन सुधारणा कायद्यानुसार केलेल्या नियमांत आहे. कोणी पोलिसांच्या धाकाने मागे सरत असेल तर त्याला हे सांगा.

निघताना रस्त्यावर मांडलेले दगड आणि फांद्या उचला. तीन-चार किलोमीटरवर थांबून चाकाचे नट पुन्हा आवळा आणि हब तापलंय का ते बघा. जॅक परत देताना त्याचा दांडा पूर्ण खाली बसवून, वॉल्व्ह बंद करून द्या, नाहीतर त्याच्या टूलबॉक्समध्ये सगळं तेल सांडेल.