वैमानिकाचे वय आणि सुरक्षित उड्डाण

प्रश्न : माझे वडील 68 वर्षांचे असून ते हौसेने स्वतःचे लहान विमान चालवतात. प्रवासी विमानाच्या वैमानिकाला 65 व्या वर्षी थांबावे लागते. वडिलांना मात्र अशी मर्यादा नाही. मला वाटणारी काळजी रास्त आहे का?

उत्तर : काळजी रास्त आहे, मात्र केवळ वयाच्या आकड्यावरून निर्णय घेऊ नये. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने 2006 मध्ये व्यावसायिक वैमानिकांची वयोमर्यादा 60 वरून 65 केली, ती विमानात दोन वैमानिक असतील तरच. एकटाच वैमानिक असेल तर ती 60 वरच राहिली. एकाचे लक्ष चुकले तर दुसरा सावध करतो, हे त्यामागचे कारण. तुमच्या वडिलांच्या शेजारची खुर्ची बहुधा रिकामी असते, आणि माझ्या मते खरा प्रश्न तिथे आहे.

उतारवयात हात विमान चालवणे विसरत नाहीत. मंदावते ते अनेक नव्या गोष्टी एकाच वेळी लक्षात ठेवणे. नियंत्रण कक्षाने नवी दिशा, उंची आणि रेडिओची फ्रिक्वेन्सी एका दमात सांगितली, की पहिल्या दोन गोष्टी बिनचूक परत म्हटल्या जातात आणि तिसरी निसटते. डोळ्यांचेही तसेच : भिंग ताठर झाल्याने नजर उपकरणांवरून धावपट्टीवर स्थिरावायला वेळ लागतो, तर बाहुली अंधारात पूर्वीइतकी मोठी होत नसल्याने रात्री कमी दिसते.

अनुभव यातले बरेच भरून काढतो, कारण मुरलेला वैमानिक अडचण आधीच ओळखून तिच्या वाटेला जात नाही. 15 जानेवारी 2009 रोजी, पक्ष्यांच्या धडकेने दोन्ही इंजिने निकामी झालेले विमान हडसन नदीवर सुखरूप उतरवणारे कॅप्टन सलनबर्गर 57 वर्षांचे होते. अर्थात त्यांच्याही शेजारी सहवैमानिक होता.

वडिलांनी रात्रीचे आणि खराब हवामानातले उड्डाण आता सोडावे, आणि कोणतेही नवे औषध, अगदी सर्दीची गोळीसुद्धा, विमानवैद्यकाच्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. नियमाने लागते त्यापेक्षा अधिक वेळा, निदान दर सहा महिन्यांनी, त्यांनी प्रशिक्षकाला सोबत घ्यावे. सूचना वारंवार पुन्हा विचाराव्या लागणे, चेकलिस्टमधला टप्पा सुटणे, उतरताना उंचीचा अंदाज चुकणे, या खुणा प्रशिक्षकाला घरच्यांपेक्षा आधी दिसतात. आणि थांबण्याची वेळ आलीच, तर ते मुलाने सांगण्यापेक्षा प्रशिक्षकाने सांगितलेले वडिलांना पटेल.